गोधडीतली पेटी

मोताळा मागं पडलं आणि इंद्रभानच्या मानेवर, कॉलरच्या आत, एक गार थेंब पडला. वैशाखातली दुपार. मोटारीचा पत्रा असा तापलेला की हात टेकायची सोय नाही, आणि मलकापुरापासून जो तो तोंडावर उपरणं नाहीतर पदर ओढून बसलेला. अशा वेळी दुसऱ्या कुणाच्या अंगावर हा थेंब पडता तर त्याला बरंच वाटलं असतं. इंद्रभान मात्र दचकला. थेंब मणक्यावरून सावकाश खाली उतरत होता, आणि तो कुठून आला हे त्या मोटारीत फक्त त्यालाच माहीत होतं. टपावर त्याची पेटी होती, पेटीत बर्फ होता आणि बर्फात मासे होते. थेंब पडला याचा अर्थ बर्फ वितळायला लागला होता, आणि अजून राजूरचा घाट चढायचा होता, बुलढाणा यायचं होतं, तिथून पुढं देऊळघाटचा कच्चा रस्ता. त्यानं वर पाहिलं नाही. वर पाहिलं तर शेजारचाही पाहील, मग विचारील, मग सांगावं लागेल. त्यानं मान तशीच ताठ ठेवली आणि थेंबाला उतरू दिलं. कंबरेपाशी येईपर्यंत तो कोमट झाला होता, आणि त्या कोमटपणाचीच इंद्रभानला जास्त भीती वाटली.

शेजारी उंद्रीचे भगवानराव पाटील बसले होते. पांढरं पागोटं, मांडीवर काठी, मिशा पिकलेल्या. मलकापूरला मोटारीत चढताना त्यांनी आपण होऊन खिडकीची जागा इंद्रभानला दिली होती. एवढा मोठा पाटील एका अनोळखी कारकुनाला खिडकी का देतो, हे इंद्रभानला कळलं नव्हतं. आधी त्याला वाटलं, आपला पांढरा कोट पाहून दिली असेल. मग त्याला वाटलं, वास येत असेल, म्हणून वाऱ्याच्या बाजूला बसवलं. माणूस एकदा कारकून झाला की त्याला स्वतःचा वास जरा जास्तच येतो. मलकापुरातल्या जिनिंगच्या हापिसात इंद्रभान रोज सकाळी शिकेकाईनं हात धुऊन जायचा. हाताला कसलाही वास नसायचा, सहा-सात वर्षांत त्यानं मासळीला हात लावला नव्हता, तरी धुवायचा. तो मासे धरणाऱ्या भोयाचा आहे हे हापिसात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कधी बोलत नव्हतं, आणि हे न बोलणंच त्याला हाताला चिकटल्यासारखं वाटायचं. आज मोटारीतही कुणी बोलत नव्हतं. एरवी मलकापूर-बुलढाणा मोटार म्हणजे आठवडी बाजार. सरकीचा भाव, सोयरिकी, कोर्टाच्या तारखा, सगळं मोठ्यानं चाललेलं असतं. आज मागच्या बाकावर एक बाई लेकीला काही सांगायला लागली की लगेच आवाज खाली आणायची. मेहबूब ड्रायव्हर, ज्याला भोंग्याशिवाय मोटार चालवताच येत नाही असं सगळा तालुका म्हणायचा, त्यानं आज भोंग्याला हात लावला नव्हता. आणि मोटार अशी सावकाश हाकत होता की एका उतारावर सायकलवाला पुढं निघून गेला. इंद्रभानला ओरडावंसं वाटलं, हाक ना बे, वितळून राह्यलं सारं. पण ओरडण्यासाठी आधी पेटी आपली म्हणावी लागली असती.

आईला मुदतीचा ताप आला होता. ताप उतरला, तेव्हा घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग हळूहळू लक्षात आलं की ताप गेला पण आई काही परत आली नाही. खात नव्हती. पेज नको, भाकरीचा काला नको, दूध नको. तानुबाई, जिनं तीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी घेऊन देऊळघाटहून बुलढाण्याचा बाजार केला, ती भिंतीकडं तोंड करून पडायची. घोट दोन घोट घ्यायची आणि तोंड बंद करायची. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता पोटात अन्न गेलं तर माणूस राहील. मागच्या पंधरवड्यात इंद्रभान गावी गेला तेव्हा तिच्या उशाशी बसून त्यानं विचारलं होतं, "माय, तुले काय खावं वाटते ते सांग. म्या आनतो." मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "मासा असता त खाल्ला असता." मोठा भाऊ कडूबा दाराशी उभा होता, तो लगेच बाहेर निघून गेला. पैनगंगेत तेव्हा पाणी नव्हतंच. वाळू, वाळूत उकरलेले झिरे, आणि डोहाच्या जागी भेगाळलेला गाळ. जुना भोई सुद्धा त्या दिवसांत मासा आणू शकला नसता, आणि हे तिच्याइतकं चांगलं कुणाला ठाऊक होतं? तिथून निघाल्यापासून इंद्रभानला एकच प्रश्न खात होता. तिला खरंच मासा हवा होता, की जे मिळणारच नाही तेवढंच तिनं मागितलं? नको म्हणण्याचा तो एक मायाळू मार्ग होता का? रात्री झोपेत तो कूस बदलायचा आणि दोन्ही बाजूंना तोच प्रश्न असायचा. मासा नेला आणि तिनं भिंतीकडंच पाहिलं, तर मग मागायला काहीच उरणार नव्हतं.

मासे गुलजारभाईनं मिळवून दिले. गुलजारभाई मलकापूर स्टेशनावर पार्सलांची दलाली करायचा, आणि मुंबईहून बर्फात घातलेली मासळी रेल्वेनं भुसावळच्या, अकोल्याच्या साहेबलोकांकडं जाते हे त्याला ठाऊक होतं. नदीचा मासा मिळणार नाही, समुद्राचा मिळेल, असं त्यानं सांगितलं, आणि आज सकाळी गाडीतून ती लाकडी पेटी उतरवली. भुसावळला त्यात नवा बर्फ भरून घेतला होता. पेटी गोणपाटात बांधलेली, फटींतून लाकडाचा भुसा डोकावणारा. "आता घरून एखादी जाड गोधडी आण," गुलजारभाई म्हणाला. इंद्रभानला वाटलं, थट्टा करतोय. "गोधडीनं गरम नाही व्हनार?" गुलजारभाई हसला. "अरे बाबू, गोधडी काय चूल आहे? ती फक्त आतलं आत ठेवते आनं बाहेरचं बाहेर. तू आत गरम असशील त गरम ठेवीन, बर्फ थंडा आहे त थंडा ठेवीन." म्हणून आशानं, इंद्रभानच्या बायकोनं, लुगड्यांची शिवलेली जाड गोधडी दिली, आणि पेटी तिच्यात गुंडाळून, सुतळीनं आवळून, टपावर चढवली. इंद्रभाननं स्वतः वर चढून ती मधोमध ठेवली, दोन्ही बाजूंना बिछान्यांच्या वळकट्या लावल्या, वरून हात फिरवला. खाली उतरताना त्याचे डोळे भरून आले होते, कारण घामाचा थेंब त्यात गेला होता आणि कारण तो रात्रभर जागा होता. खाली मेहबूब उभा होता. त्यानं टपाकडं पाहिलं, इंद्रभानच्या डोळ्यांकडं पाहिलं, काही विचारलं नाही आणि दार उघडून धरलं.

दुसरा थेंब भगवानरावांच्या हातावर पडला. इंद्रभाननं तो पडताना पाहिला. टपाच्या फळ्यांच्या सांध्यात तो जमला, लांबला, सुटला आणि पाटलांच्या मनगटावर, काठी धरलेल्या हातावर, फुटला. पाटलांनी हाताकडं पाहिलं. मग वर, सांध्याकडं. मग इंद्रभानकडं न पाहता त्यांनी उपरण्याच्या टोकानं मनगट पुसलं, डोळे मिटले, आणि त्यांचे ओठ हलले. राम म्हणाले असावेत. इंद्रभानच्या कानशिलांवरून गरम लाट गेली. भोयाच्या माशाचं पाणी पाटलाच्या हातावर पडलं, आणि पाटील रामाचं नाव घेतो! बोलला असता तरी चाललं असतं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. त्यानं खिडकीबाहेर तोंड केलं. झळा तोंडावर येत होत्या. रस्त्याकडेच्या बाभळींखाली शेरडं मान टाकून पडली होती. हे असं पाणी गळणं त्याला नवं नव्हतं. लहानपणी तो आईच्या मागून बुलढाण्याला जायचा. डोक्यावरच्या पाटीत मासे, माशांवर ओली निरगुडी, त्यावर ओलं फडकं. वाटेत जिथं ओहोळ लागेल तिथं ती पाटी न उतरवता खाली वाकायची, गडव्यानं पाणी घ्यायची आणि हात वर करून फडक्यावर शिंपडायची. उन्हाच्या आत बाजार गाठायचा, एवढंच तिच्या डोक्यात. ती चालत नसे, पळतही नसे, या दोहोंच्या मधलं काहीतरी करायची. पाटीतलं पाणी तिच्या पाठीवरून गळत राही, चोळी पाठीला चिकटलेली, आणि लहानग्या इंद्रभानला वाटायचं की आपली आई पाठीनं रडते. समोरून पाहावं तर ती मुळीच रडत नसे. समोरून ती गिऱ्हाइकाला म्हणे, घे ना बाई, अजून फडफडून राह्यला. तिचा मासा कधी गार नव्हता. तो नदीच्या पाण्याइतका असे, हाताला हातासारखा लागायचा.

घाटाच्या पायथ्याशी मोटारीनं दम टाकला. नळीतून वाफ निघाली आणि मेहबूबनं ती एका निंबाखाली उभी केली. माणसं उतरली. घाटात मोटार तापते, पाणी घालायचं, थंड होऊ द्यायची, यात नवल काही नव्हतं. पण सगळे उतरून पलीकडच्या सावलीत गेले आणि इंद्रभानला मोटारीपाशी एकटं सोडलं, हे नवल होतं. तो टपाकडं पाहत उभा राहिला. गोधडीची एक कड ओली होऊन काळी पडली होती. आता चढून पाहावं का? सुतळी सोडून हात घालावा, आत किती बर्फ उरलाय ते चाचपावं? पण उघडलं की ऊन आत जाईल. न उघडलं तर कळणार नाही. तो पायरीवर एक पाय ठेवून तसाच थांबला. मेहबूब हळूच जवळ आला. त्याच्या मागून भगवानराव आले. पाटलांनी पायातला जोडा काढून हातात घेतला होता, एवढ्या तापल्या मातीवर. "बाबू," मेहबूब खालच्या आवाजात म्हणाला, "पाह्यजे त बसा घडीभर. घाई नाही."

"घाई नाही कशी?" इंद्रभानचा आवाज त्याला वाटलं त्यापेक्षा मोठा आला. "उशीर झाला त सारं वाया जाईन ना. अगोदरच पानी गळून राह्यलं."

मेहबूबनं पाटलांकडं पाहिलं. पाटलांनी इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला. "पाह्यलं म्या. बर्फात ठेवलं काय?"

"बर्फात नाही त कायात ठेवू? मुंबईवरून आलं."

"मुंबईच्या दवाखान्यातून?" पाटील म्हणाले. "अरेरे. केवढं होतं?"

"वीतभर एक एक," इंद्रभान म्हणाला. त्याला प्रश्न विचित्र वाटला, पण पाटलाला उत्तर द्यायला हवं. "चार आहेत."

मेहबूबनं कानाला हात लावला. "या अल्ला. चार?"

भगवानरावांचा हात त्याच्या खांद्यावर घट्ट झाला. "पोरं होती की पोरी, बापा?"

"पापलेट," इंद्रभान म्हणाला.

वर निंबात एक कावळा ओरडला. "पापलेट म्हणजे मासा," इंद्रभान म्हणाला, आणि बोलता बोलता सगळं त्याच्या डोक्यात उतरत गेलं. गोधडीत आवळलेली पाळण्याएवढी पेटी, तिच्यावरून फिरवलेला हात, डोळ्यांतलं पाणी. मयत मोटारीत घेत नाहीत, म्हणून कुणी बाप आपलं लेकरू गुपचूप गावी मातीला घेऊन चाललाय, एवढंच त्यांना वाटलं होतं. खिडकी त्यासाठी होती. राम त्यासाठी होता. मागच्या बाईनं लेकीशी बोलताना आवाज खाली आणला तो त्यासाठी. "मासे आहेत, पाटील. माझी माय आजारी आहे देऊळघाटाले. खात नाही काही. तिच्यासाठी चाललो. आम्ही भोई आहोत," हेही तो म्हणाला. कशाला म्हणाला कोण जाणे, पण म्हणून झालं तेव्हा त्याचं अंग हलकं झालं.

भगवानराव आधी दगडावर बसले. मग त्यांनी हातातला जोडा जमिनीवर आपटला आणि असे हसायला लागले की मिशा ओल्या झाल्या. "मासे! अन् म्या मलकापुरापासून त्याच्यासाठी जप करून राह्यलो!" मेहबूब हसला नाही, चिडला. "काय बाबू, सांगाले तोंड नव्हतं? म्या आज सारा रस्ता भोंगा नाही वाजवला. लेकराची झोप मोडन म्हनून मोटार चालवली का बैलगाडी, मले समजून नाही राह्यलं." इंद्रभान म्हणाला, "म्हनून त बर्फ वितळला ना, मेहबूबभाई." यावर मात्र मेहबूबही हसला. बातमी पलीकडच्या सावलीत गेली, तिकडून आधी आश्चर्याचा आणि मग सुटकेचा आवाज आला, आणि सगळी माणसं एकदम बोलायला लागली. सरकीचे भाव, सोयरिकी, सगळं तुंबलेलं बाहेर पडलं. मागच्या बाकावरची बाई पदर खोचून पुढं आली. विमलबाई तिचं नाव, साखरखेर्ड्याला भावाकडं चालली होती. ती म्हणाली, "बर्फ आहे म्हनता? म्या बर्फ नाही पाह्यला अजून. एक तुकडा दाखव ना रे भाऊ."

इंद्रभान टपावर चढला. त्यानं सुतळी सोडली, गोधडीची एक कड उचलली, फळी सरकवली आणि हात आत घातला. बर्फ होता. बोटं दुखावीत एवढा होता. कोपऱ्यांतला गेला होता, मधला टिकला होता, आणि त्याच्यातून माशाची घसरडी, टणक पाठ हाताला लागली. त्यानं हात तसाच आत ठेवला. गोधडीनं आपलं काम केलं होतं, मोटारीतल्यांच्या दुखवट्याला न जुमानता. मग त्यानं चार-पाच खडे काढून खाली दिले. विमलबाईनं खडा तळहातावर घेतला, ओरडली, दुसऱ्या हातावर टाकला, मग लेकीच्या कपाळाला लावला. मेहबूबनं दोन्ही डोळ्यांवर धरला आणि तसाच तोंड वर करून उभा राहिला. भगवानरावांनी खडा तळव्यावर धरून पार संपेपर्यंत पाहिला आणि ओला हात मानेवरून फिरवला. माशाचा वास त्यालाही असणार. त्यांनी हुंगलं नाही, पुसलंही नाही. आणखी दोघं पुढं आले तेव्हा त्यांनी काठी आडवी धरली. "बस झालं. तमाशा आहे काय? त्याच्या मायचं आहे ते. बांध रे बाबू." आणि आपलं उपरणं मेहबूबच्या डब्यातल्या पाण्यात बुडवून, पिळून, वर फेकलं. "हे घाल वरून." घाट मेहबूबनं असा चढवला की वळणावळणावर माणसं एकमेकांवर पडत होती, आणि कुठं समोर काही नसतानाही भोंगा वाजत होता. इंद्रभाननं खिडकीची जागा पाटलांना परत दिली. पाटलांनी घेतली. थेंब आता दोघांच्यावरही पडत होते आणि कुणी वर पाहत नव्हतं.

बुलढाण्याला वारा होता. तिथून छकडा करून तो देऊळघाटला पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. कडूबा दारातच उभा होता, आणि इंद्रभाननं आधी त्याचा चेहरा पाहिला. रडलेला नव्हता. मागून रुखमाबाई, कडूबाची बायको, आली आणि विचारायच्या आधीच म्हणाली, "आहेत. जाग्याच आहेत." परातीत मासे काढले तेव्हा पेटीत उरलेला बर्फ ओंजळभर होता, तोही खडीसाखरेसारखा भुगा झालेला. मासे मात्र चांदीचे, चकचकीत, ताटासारखे चपटे. शेजारची माणसं दाराशी जमली. परात घेऊन तो आईच्या बाजेपाशी बसला. "माय, मासा आनला." तिनं तोंड भिंतीकडून वळवलं नाही. ज्याची भीती होती तेच. त्याच्या मनात ते वाक्य परत आलं, असता त खाल्ला असता, आणि आता ते उघड उघड नको असंच ऐकू आलं. तिचा हात गोधडीवर पडला होता, नुसती कातडी. त्यानं तो उचलून माशावर ठेवला.

हात झटकन मागं आला. तिनं तोंड वळवलं. "हा गार पडला," ती म्हणाली. "कवाचा आहे हा? शिळा मासा आनला काऊन?"

"शिळा नाही, माय. बर्फात होता. मुंबईवरून आनला."

"पुसाच्या थंडीत बी मासा इतका गार नसते. मले सांगते." तिनं मान थोडी उचलून परातीत पाहिलं. "डोळा पाह्य त्याचा. दुधाळ झाला. परवाचा आहे." बर्फ डोळ्याला लागला की तो पांढुरका होतो, असं गुलजारभाईनं सांगितलं होतं, इंद्रभान ते सांगायला गेला आणि थांबला. कारण तिचा हात पुन्हा पुढं आला होता. सवयीनं, तिच्या इच्छेशिवाय, अंगठा माशाच्या कल्ल्याखाली गेला आणि त्यानं कल्ला उचलला. आत ताज्या माशासारखं लालभडक होतं. तिचा हात तिथंच राहिला. ती माशाच्या डोळ्याकडं पाही, मग कल्ल्याकडं, मग परत डोळ्याकडं. साऱ्या जन्मात तिला असा मासा भेटला नव्हता, ज्याचा डोळा एक सांगतो आणि कल्ला दुसरं. कपाळाला आठी पडली. भिंतीकडं तोंड करून या गोष्टीचा निकाल लागणार नव्हता. "कडूबा," ती म्हणाली, "मले बसव."

दोघा भावांनी तिला उठवून बसवलं, पाठीशी वळकटी लावली. "याले पानी दे," ती म्हणाली. "नदीच्या पान्यावानी होऊ दे आधी. मंग सांगतो मी." अंगणात दिवसभर उन्हात तापलेली घागर होती. इंद्रभाननं गडवा भरला आणि परातीत, माशांवर, कोमट पाणी ओतलं. मुंबईपासून ज्या उबेला कुणी जवळ येऊ दिलं नव्हतं, भुसावळचा बर्फ, गुलजारभाईचा भुसा, आशाची गोधडी, पाटलाचं उपरणं, सगळ्यांनी मिळून जी अडवून धरली, ती तो आपल्या हातानं गडव्या-गडव्यानं ओतत होता, आणि त्याला हसू येत होतं. कडूबाला वाटलं, भाऊ उन्हानं भ्रमला. माशाचा टणकपणा जरा सैल झाला. आणि मग, सबंध वाटेत जो कुठं नीट आला नव्हता, तो वास आला. खारा, ओला, अनोळखी. तानुबाईनं नाक पुढं केलं. बराच वेळ ती हुंगत राहिली.

"ताजा आहे," तिनं निकाल दिला. "पन याचे खवले कुठी गेले?"

मग कापायचं कसं यावर रुखमाबाईशी तिचा वाद झाला. रुखमाबाई एका बाजूनं धरायला गेली, म्हातारी म्हणाली अशी नाही, तशी. थोडा वेळ सांगत राहिली, मग सांगणं तिला जमेना, आणि म्हणाली, विळी आन इकडे. आणली. पण हाताला जोर नव्हता. एक काप तिनं दिला, बाकीचे रुखमाबाईनं, तिच्या नजरेखाली. चुलीवर कालवण चढलं. इंद्रभान ओट्यावर जाऊन बसला. आत पाहायचा धीर त्याला होत नव्हता. हे सगळं नुसतं कुतूहल असलं तर? एवढं करून तिनं ताटली बाजूला सारली तर? आतून वाटीचा आवाज आला. मग काहीच नाही. मग तिचं खोकणं, आणि रुखमाबाईचं "सावकाश, आत्याबाई." त्यानं न राहवून वळून पाहिलं. म्हातारीच्या तोंडात घास होता. ती तो चावत होती, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, डोळे बारीक करून. गिळला. दुसरा घास तिनं स्वतः उचलला. तोही गिळला. मग ताटली किंचित पुढं ढकलली आणि कडूबाकडं, रुखमाबाईकडं, ओट्यावरच्या इंद्रभानकडं, सगळ्यांकडं रागानं पाहिलं.

"समुद्राचा म्हनता ना हा?" ती म्हणाली. "मंग मीठ कुठी गेलं याचं? अळनी झालं सारं."

रुखमाबाईनं पदर तोंडाला लावला. पंधरवड्यापूर्वी तिच्या हातून चुकून पेजेत मीठच पडलं नव्हतं, आणि म्हातारीनं त्या पेजेचे दोन घोट निमूट घेतले होते, चवीबद्दल चकार शब्द न काढता. रुखमाबाईनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं, पण त्या दिवसापासून ती चुलीपाशी बसून एकटीच रडायची. आता ती सगळ्यांसमोर रडत होती.

"मीठ आन म्हनलं मी," तानुबाई म्हणाली. "रडाले काय झालं?"

रुखमाबाईला उठवेना. मग इंद्रभानच उठला, आतल्या खोलीत गेला, आणि अंधारात मडकी चाचपत मीठ शोधू लागला. बाहेरून आईचा आवाज येत होता. डाव्या हाताले आहे, ती सांगत होती, डाव्या हाताले, तिखटाच्या बाजूले, आंधळा झाला काय.